त्रेचाळीस मिली झिंक

गाडीचा खून जावईबापूंनी केला, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. फक्त तसं कुणी बोलून दाखवत नव्हतं. हेच मुलाने केलं असतं तर एव्हाना त्याची सालटी निघाली असती. मुलीला बोलायला तर कारणही लागत नाही. पण जावयाचं काय करणार? जावयाला फार तर अजून अर्धा कप चहा हवा का, एवढंच विचारता येतं. आणि गेले सात महिने त्या घरात हा प्रश्न फार विचारला जात होता.

खुनाचं हत्यार म्हणजे चार लिटरचा एक सोनेरी कॅन. जावईबापू शाळेत भूगोल शिकवायचे, आणि कुठलीही गोष्ट अभ्यास केल्याशिवाय करायचे नाहीत. सासऱ्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला काहीतरी त्यांच्या मनातलं द्यावं म्हणून त्यांनी आठवडाभर वाचन केलं, टिपणं काढली, आणि बाजारातलं सगळ्यात महाग, सगळ्यात नवं, धूर सगळ्यात स्वच्छ ठेवणारं इंजिन ऑइल आणलं. बाबा दुपारचे लवंडलेले असताना स्वतः गाडीखाली शिरून त्यांनी जुनं तेल काढलं, नवं भरलं. एका चांगल्या शर्टाचा त्यात बळी गेला. बाबा उठल्यावर त्यांच्यापुढे कॅन धरला. बाबा म्हणाले, "वा." चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाने कॅनच्या पाठीमागचं बारीक अक्षर वाचलं नाही, कारण चष्मा आत होता आणि जावई समोर उभा होता.

पुढचे आठ महिने गाडी त्या सोनेरी तेलावर फिरली. मग ती चढावर धापा टाकायला लागली. एका सकाळी बाबांनी इंजिन उघडलं, आत डोकावले, आणि शेजारच्या स्टुलावर जाऊन बसले. 

आता इथे थोडं इंजिनाच्या पोटात शिरायला हवं. जुन्या इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा एक दांडा असतो. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की हे उंचवटे वरच्या टॅपेटना ढकलतात, टॅपेट पुढे झडपा उघडतात, आणि गाडी श्वास घेते. नव्या गाड्यांत या दोघांच्या मध्ये बहुतेक छोटं चाक असतं, त्यामुळे सगळं गुण्यागोविंदाने चालतं. जुन्या गाडीत टॅपेटचं बूड सपाट. धातूवर धातू घासतो, मिनिटाला हजारदा, वर्षानुवर्षं. मध्ये काय? तेलाचा एक थर, आणि त्या तेलात विरघळलेलं थोडं झिंक. हे झिंक उंचवट्यावर स्वतःचा पातळ लेप चढवतं, स्वतः झिजतं आणि धातूला वाचवतं. पूर्वी ते सगळ्याच तेलांत भरपूर असायचं, म्हणून कुणी त्याची चौकशी केली नाही. पुढे कळलं की नव्या गाड्यांच्या धुराड्यात बसवलेली धूर गाळायची महागडी जाळी त्याने खराब होते. म्हणून तेलवाल्यांनी ते कमी केलं. जितकं तेल नवं, तितकं झिंक कमी. जावईबापूंनी सगळ्यात नवं आणलं होतं.

आठांपैकी तीन उंचवट्यांचं अंड्यावरून लिंबू झालं होतं.

बाबा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. उलट त्या दिवसापासून जावयाचा मान वाढायला लागला. आधी ते "काय जावईबापू, कसं काय" म्हणायचे. मग "या, बसा" झालं. मग "आपण बसावं." एकदा तर जावईबापू खोलीत आल्यावर बाबा चक्क उभे राहिले. त्या मानाचं ओझं होऊन जावईबापूंना घास गिळेना. सासुरवाडीहून परतताना ते बायकोला म्हणाले, की एकदा दोन कानफटात मारून मोकळे का होत नाहीत ते.

बायको काय सांगणार? तिला तरी कुठे ठाऊक होतं. तिला घरात वॉशर म्हणत. लहानपणी ती गोलमटोल होती, गॅरेजात कुठेही ठेवली की घरंगळत कशाच्या तरी खाली जायची, आणि सापडायची तेव्हा तेलकट असायची. नाव चिकटलं. आता ती छत्तीस वर्षांची, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. पांढरा कोट घालून लोकांना सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या समजावून सांगायची. तरी आईने दुकानात फोन केला तर "वॉशर आहे का?" असंच विचारायची, आणि नवीन माणूस नम्रपणे सांगायचा की आमच्याकडे फक्त औषधं मिळतात.

गॅरेज बंद होऊन सहा वर्षं झाली होती. तिथे आता केस कापायचं दुकान होतं. बाबांनी मागच्या भिंतीवर प्रत्येक हत्याराभोवती काळ्या रंगाने रेघ ओढलेली असायची. हत्यार जागेवर नसलं की त्याची आकृती भिंतीवर उरायची आणि कोण कामचुकार ते कळायचं. नव्या मालकाने भिंतीला दोन हात गुलाबी दिले. पण दुपारी ऊन तिरपं आलं की आरशाच्या वरच्या बाजूला सतरा नंबरचा पाना अजून दिसतो. वॉशर दर महिन्याला तिथेच केस कापायला जायची, दुपारी तीनला. तो माणूस केस वाईट कापायचा. सहा वर्षं ती वाईट केसांनी हिंडत होती.

तिला त्या जागेचं सगळं आठवायचं. कोपऱ्यातलं तेलाचं पिंप आणि त्याचा हातपंप. एक फेरा मारला की बरोबर अर्धा लिटर पडायचं आणि पंप म्हाताऱ्यासारखा कण्हायचा. साबणात भुसा मिसळून हात धुणारे बाबा. तिच्या हातातला दिवा, आणि "उजेड मला नको, नटाला दाखव" हे वाक्य, जे तिने हजारदा ऐकलं असेल. आणि बाबांचे कान.

बाबांचे कान म्हणजे काय चीज होती ते आता कुणाला सांगून पटत नाही. रस्त्यावरून गाडी गेली तर ते मान वर न करता दोन बोटं दाखवायचे, म्हणजे दोन नंबरचा टॅपेट वाजतोय. गाडीवाला पुढच्या आठवड्यात यायचाच. खात्री करायची असली की झाडूचा एक लांब दांडा होता त्यांच्याकडे. त्याचं एक टोक इंजिनाच्या झाकणावर, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटून उभे. डॉक्टर लोकही इतके गंभीर दिसत नाहीत. घरीसुद्धा तेच. फ्रिज बिघडायच्या आधी त्यांना कळायचं. स्वयंपाकघरात भांडी ठेवल्याचा आवाज ऐकून आज आईशी बोलावं की नाही हे ते अंगणातूनच ठरवायचे, आणि बहुतेक वेळा अंगणातच थांबायचे.

वॉशर त्या गाडीच्या मागच्या सीटवर वाढली होती. ताप आला की बाबा तिला मागे निजवून एक चक्कर मारून आणायचे. इंजिनाच्या त्या एकसुरी टकटकीत तिला जी झोप लागायची, तशी नंतर कुठल्या गादीवर लागली नाही. ती आता लोकांना झोपेच्या गोळ्या द्यायची. चिठ्ठी बघून द्यायची, पण मनात म्हणायची, यांच्याकडे गाडी नसावी.

तर गाडी मेली. आणि मग बाबांनी आईच्या कपाटातून, चांगल्या चादरींच्या खालून, तेलकट कागदात गुंडाळलेली एक लांबट वस्तू काढली. कोरा कॅमशाफ्ट. गाडी बनवणारा कारखाना बंद व्हायच्या आधी त्यांनी तो घेऊन ठेवला होता. आई वीस वर्षं त्या वस्तूला "यांचं लाटणं" म्हणत आली होती. तसा दुसरा आता कुठे मिळत नव्हता. वॉशरने चार ठिकाणी विचारून पाहिलं होतं.

बाबांनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा शेवटचा. हाही गेला तर गाडी भंगारात. मग कुणी रडायचं नाही."

हे त्यांनी खिडकीकडे बघून सांगितलं, आणि मग जावईबापूंकडे वळून आपण अजून अर्धा कप घ्यावा अशी विनंती केली.

तीन महिने दर रविवारी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बाप-लेकीने मिळून इंजिन उभं केलं. नवा दांडा, नवे टॅपेट, उंचवट्यांवर काळी दाट पेस्ट. जावईबापूंना मदत करायची होती, पण ते जवळ आले की बाबा त्यांना खुर्ची द्यायचे.

राहिला प्रश्न झिंकचा. कोरा दांडा पहिल्यांदा सुरू होतो तेव्हाची वीस मिनिटं त्याच्या नशिबाची असतात. इंजिन सुरू झाल्या क्षणापासून ते वेगात ठेवायचं, वीस मिनिटं खाली येऊ द्यायचं नाही, म्हणजे उंचवट्यांना सगळीकडे तेल उडतं आणि टॅपेट आणि ते एकमेकांना घासून जुळवून घेतात. तेवढ्या वेळात तेलात झिंक कमी पडलं तर दांडा पहिल्याच दिवशी संपतो. वॉशरने जाहीर केलं की तेल ती निवडणार, आणि ती भरल्यावर गाडीला कुणी हात लावायचा नाही. बाबा म्हणाले, आमच्या वेळी तेल म्हणजे तेल होतं, या बाटल्या-बिटल्यांचं आपल्याला काही सांगू नका.

सुट्या भागांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला सगळे पिस्टनशेठ म्हणत, कारण तो दिवसभर दुकानात वर-खाली करायचा. त्याने तिच्यापुढे दोन पर्याय ठेवले. एक, जुन्या गाड्यांसाठी बनवलेलं खास तेल, त्यावर एका म्हाताऱ्या गाडीचं चित्र आणि 'झिंकने परिपूर्ण' असे शब्द. दुसरा, साधं तेल घ्यायचं आणि त्यात वरून झिंकची छोटी बाटली ओतायची. पिस्टनशेठचं मत, दोन्ही घ्या, होऊ दे खर्च.

वॉशरने दोन्ही लेबलं वाचली. वाचनाचाच तर तिचा पगार होता. परिपूर्ण म्हणजे किती, हे त्या म्हाताऱ्या गाडीच्या चित्राखाली कुठेच नव्हतं. 'शक्तिवर्धक' लिहिलेल्या बाटलीकडे ती जशी बघायची तसं तिने त्या कॅनकडे बघितलं आणि परत ठेवला. साध्या तेलाच्या माहितीपत्रात आकडा होता, दहा लाख भागांत आठशे. छोटी बाटली एकशेवीस मिलीची, सगळी ओतली तर चार लिटरमध्ये चौदाशे वाढणार. तिला हवे होते एकूण तेराशे. त्याहून कमी नको, आणि फार जास्त तर मुळीच नको, कारण प्रमाणाबाहेर गेलं की तेच झिंक उलटतं आणि ज्या धातूला वाचवायचं त्यालाच कुरतडायला लागतं. औषधाचंही असंच असतं, आणि लोकांना हेच पटत नाही. लोकांना वाटतं, दोन गोळ्यांनी दुप्पट बरं वाटेल.

हिशोब त्रेचाळीस मिलीचा निघाला. शनिवारी दुपारी तिने चार लिटर तेल भरलं, खोकल्याच्या औषधाच्या मापाने त्रेचाळीस मिली मोजून वर घातलं, तेलाची पट्टी बुडवून पाहिली, बरोबर खुणेवर. झाकण लावलं, त्यावर कागद चिकटवला: 'भरलं आहे. हात लावू नये.' खाली सहीसुद्धा केली. रात्री ती आणि जावईबापू तिथेच मुक्कामाला राहिले.

रविवारी सकाळी नऊला तिने सहज पट्टी काढून पाहिली. तेल खुणेच्या वर बोटभर चढलं होतं.

तिने पट्टी पुसली, परत बुडवली. परत बोटभर. तेल वाढत नाही. तेल गळतं, जळतं, सांडतं; पण कणकेसारखं फुगलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. कागद जागेवर होता. फक्त शनिवारी तो सरळ चिकटवलेला होता, आता किंचित तिरपा होता, आणि त्याच्या कडेला तीन वेगवेगळ्या मापांचे अंगठे उमटले होते.

तिने घरात कुणाला विचारलं नाही. चार लिटर ताजं तेल आणायला म्हणून ती सरळ पिस्टनशेठकडे गेली. पिस्टनशेठ भलताच खुशीत होता. म्हणाला, ताई, वर्षभरात या झिंकची एक बाटली खपत नाही, आणि या आठवड्यात चार गेल्या, त्याही सगळ्या आपल्या गल्लीत. पहिली तुमची. दुसरी एका सरांनी नेली, फार सभ्य माणूस, वही घेऊन आले होते. त्यांनी विचारलं, यात सगळ्यात कमी चुकायची शक्यता कशात आहे. तिसरी एका बाईंनी नेली, त्यांनी विचारलं, याने पोटाला काही त्रास तर होत नाही ना. मी विचारलं कुणाच्या, तर म्हणाल्या, गाडीच्या.

"आणि चौथी?"

पिस्टनशेठ दुकानाबाहेर कुणी नाही ना ते बघून आला. मग हळूच म्हणाला, "तुमच्या बाबांनी. मला म्हणाले, माझ्यासाठी नाही, शेजाऱ्यासाठी हवी आहे." थोडं थांबून म्हणाला, "तुमच्या शेजाऱ्याकडे सायकल आहे ना?"

परत येताना वॉशरने मनात बेरीज केली. तेराशे, अधिक चौदाशे, अधिक चौदाशे, अधिक चौदाशे. साडेपाच हजार. एवढ्या मात्रेत हत्तीलाही काही दिलेलं तिच्या ऐकिवात नव्हतं.

घरी गाडीभोवती तिघंही तयार होऊन उभे होते. आईने चांगली साडी नेसली होती. वॉशरने गाडीखाली परात सरकवली आणि नट सोडला. तेल पडायला लागलं. ते पडतच राहिलं. चार लिटरची परात काठोकाठ भरली, वरून सांडायला लागली, आणि प्रत्येकजण दुसरीकडे कुठेतरी बघत होता.

आधी आई बोलली. म्हणाली, मी थोडंसंच घालणार होते, पण बाटलीचं बूच परत लागेना. आणि ती गाडी काय परकी आहे का? तुला दवाखान्यातून घरी हिनेच आणलं. मग जावईबापूंनी घसा साफ केला आणि सांगितलं की त्यांना वॉशरच्या गणितावर पूर्ण विश्वास होता, फक्त स्वतःच्या नशिबावर नव्हता.

उरले बाबा. ते परातीतल्या तेलाकडे बघत होते. वॉशरला वाटलं, शेजाऱ्याचं नाव येईल. पण ते म्हणाले, "भीती वाटली."

चाळीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून त्या घराने ऐकला नव्हता. आईने साडीचा पदर हातात धरला आणि तो तसाच धरून उभी राहिली.

बाबांनी जावयाला विचारलं, "तुम्ही अधूनमधून गाडी चालवायचात तेव्हा, इंजिन उघडायच्या आधी, काही वाजत होतं का आत?"

"हो," जावईबापू म्हणाले. "महिनाभर. टिक टिक असं. मला वाटलं जुनी गाडी आहे, वयाप्रमाणे बोलत असेल."

"मला नाही ऐकू आलं."

जावईबापूंनी वॉशरकडे बघितलं.

"रोज चालवत होतो. रोज. बारीक आवाज येतच नाहीत आता. घड्याळाचा येत नाही. पाखरं नुसती चोची उघडताना दिसतात. म्हटलं, सांगायचं काय त्यात. चुकीचं तेल काय, कुणीही घालतं. गॅरेजात आठवड्याला एक असा यायचा. वाजायला लागल्यावर पहिल्या दिवशी पकडलं असतं तर तेल बदलून दोन-चार वर्षं काढली असती तिने. तुमचं तेल नाही, माझे कान गेले. आणि सगळे तुमच्याकडे बघत होते. मी बघू दिलं."

वॉशरला गेल्या काही वर्षांतल्या कितीतरी गोष्टी एकदम आठवल्या. आवाज मोठा ठेवलेला टीव्ही. हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात ही बाबांची तक्रार. आणि अंगण. बाबा हल्ली सरळ स्वयंपाकघरात यायचे आणि हमखास चुकीच्या वेळी यायचे. आईला वाटायचं, म्हातारपणी माणूस धीट झाला.

जावईबापूंनी हळूच विचारलं, "म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात?"

"रागावलो होतो ना," बाबा म्हणाले. "चांगला शर्ट घालून कुणी गाडीखाली जातं?"

तेल परत भरलं. चार लिटर, वर त्रेचाळीस मिली. या वेळी तिघांनाही मापात डोकावून बघू दिलं, आणि उरलेली बाटली वॉशरने कोटाच्या खिशात घातली. मग बाबांनी जागा वाटून दिल्या. ते स्वतः स्टिअरिंगवर, पाय पेडलवर. वॉशर समोर, इंजिनाला जोडलेल्या काट्यांवर तेलाचा दाब आणि पाण्याचा ताप बघायला आणि गळती शोधायला. आई वेळ लावायला. तिने स्वयंपाकघरातलं, मिनिटं लावून ठेवायचं फिरकीचं घड्याळ आणून मडगार्डवर ठेवलं. आणि झाडूचा दांडा त्यांनी जावईबापूंच्या हातात दिला. म्हणाले, पाय माझा, कान तुमचे. खडखड झाली तर हात वर करा.

किल्ली फिरली. इंजिन दोनदा शिंकलं आणि पेटलं, आणि बाबांनी लगेच पाय दाबला. पत्र्याची शेड गच्च भरून गेली त्या आवाजाने. तोच आवाज होता. वॉशरला मागच्या सीटवर जाऊन निजावंसं वाटलं, पण तिच्याकडे तापाचा काटा होता.

पहिल्या मिनिटाला बाबांनी ओरडून विचारलं, कसं वाटतंय. जावईबापूंनी दांड्याचं टोक कानामागे धरून, डोळे मिटून, अदबीने उत्तर दिलं की ठीक वाटतंय. दुसऱ्या मिनिटाला परत तेच. तिसऱ्याला, "छान आहे, बाबा."

"छान काय छान!" बाबा गाडीतून ओरडले. "भूगोलाच्या पेपरात नदी कुठे उगम पावते विचारलं तर पोरं 'छान ठिकाणी' लिहितात का? एक नंबर कसा, दोन नंबर कसा, जाड वाजतोय की बारीक, सांग ना. आणि दांडा असा लेखणीसारखा काय धरलाय, दाब. हाडावर दाब, गालावर नाही. मास्तर कुणी केलं रे तुला?"

आई म्हणाली, अहो, जावई आहेत.

"असू दे. आधी कान आहे तो."

वॉशरने नवऱ्याकडे बघितलं. सात महिन्यांत पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले होते. त्याने दांडा हाडावर दाबला, पाय फाकवून नीट उभा राहिला, आणि तारस्वरात सांगायला लागला: एक नंबर बारीक, दोन त्याच्याहून थोडा जाड, तीन दोनसारखाच, चार दूर आहे, थांबा, पुढे येतो. बाबा "हं, हं" करत होते आणि पायाने वेग थोडा चढवत होते, थोडा उतरवत होते.

नवव्या मिनिटाला जावईबापूंचा हात वर गेला.

"टिक टिक येतंय."

 इंजिन बंद करून चालत नव्हतं, चालू ठेवूनही चालत नव्हतं. दाबाचा काटा जागेवर होता. तिने कान लावला, पण एवढ्या आवाजात तिला काहीच वेगळं ऐकू येईना.

बाबा घाबरले असतील तर त्यांच्या पायाला ते कळलं नाही. वेग तसाच राहिला. त्यांनी विचारलं, मी वेग वाढवतो, टिक टिक वाढते का बघ. वाढवला. जावईबापू म्हणाले, नाही, तेवढीच. कमी केला. तेवढीच. "मडगार्डवर बोटाने वाजवून दाखव." जावईबापूंनी बोटाने ठोके दिले. बाबा खिडकीतून मान बाहेर काढून त्या बोटाकडे टक लावून बघत राहिले, मग सगळ्या शेडमध्ये नजर फिरवली, आणि म्हणाले, "इंजिन पळतं आणि ही एकाच चालीने चालते? ही गाडीची नाहीच. बाई, तुझं ते घड्याळ उचल तिथून."

आईने घड्याळ उचलून छातीशी धरलं. जावईबापूंनी ऐकलं आणि हात खाली घेतला.

"गेली," ते म्हणाले. आणि मग त्यांना हसू आवरेना, आणि हसताना दांडा निसटला, म्हणून त्यांना परत बोलणी बसली. ती बोलणी विसाव्या मिनिटापर्यंत पुरली. त्यात दांडा, उभं राहायची पद्धत, शिक्षण खातं, सोनेरी कॅन आणि तो शर्ट असं सगळं आलं. सात महिन्यांचं साठलेलं होतं. जावईबापू प्रत्येकाला "हो, बाबा" म्हणत होते आणि दोन बोलण्यांच्या मधल्या जागेत टॅपेटची खबर देत होते. शेवटी शेवटी तर बाबा विचारायच्या आधीच ते सांगायला लागले होते, की तीन आता दोनपेक्षा मऊ वाजतोय, मघाशी तसं नव्हतं.

"मऊ?" बाबा म्हणाले. "मऊ म्हणजे बसला तो. बसायला लागला."

घड्याळ आईच्या हातात घणघणलं. बाबांनी वेग सावकाश उतरवला आणि किल्ली फिरवली. शेडमध्ये एकदम इतकं शांत झालं की तापलेलं लोखंड निवताना कुरकुरतं तेही ऐकू यायला लागलं, निदान तिघांना तरी. वॉशरने झाकण काढून आत दिवा धरला. उंचवटे काळे, तुकतुकीत, अंड्यासारखेच.

बाबांनी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं.  मग जावयाकडे न वळताच म्हणाले, "पुढच्या रविवारी हे तेल काढायचं, फिल्टर बदलायचा आणि टॅपेटचं अंतर तपासायचं. सातला ये. सात म्हणजे सात. जुना शर्ट घालून."

जावईबापूंनी सांगितलं की त्या आठवड्यात सहामाहीचे दोनशे पेपर तपासायचे आहेत.

"घेऊन ये," बाबा म्हणाले. "मागच्या सीटवर बसून तपास. इंजिन चालू ठेवू आपण."